ट्रेलर घ्यायला इंडियानाला गेलो त्याची गोष्ट

कॅम्पिंगचा सीझन जवळ यायला लागला तसा परत तोच प्रश्न सुरू झालाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी विचारलं, मुलीच्या डान्स क्लासबाहेर उभी होते तेव्हा अजून एकीने, की अगं न्यू जर्सीत आरव्हीचे डीलर काय कमी आहेत का, तुम्ही पार इंडियानाला कशाला गेलात, आणि खरंच पैसे वाचले का? दर वेळी घाईघाईत अर्धवट काहीतरी सांगितलं जातं आणि घरी आल्यावर वाटतं की महत्त्वाचं सांगायचं राहिलंच. म्हणून एकदा बसून सगळं लिहितेय, लांब होणार आहे.

इंडियातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं, आणि ट्रॅव्हल ट्रेलर आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढायचा असतो. आमचा ट्रेलर आहे, २५ फुटी. मागे मुलांसाठी एकावर एक बंक, पुढे डबल बेड, मधल्या टेबलाचा रात्री बेड होतो, तीन बर्नरची शेगडी, फ्रिज, आणि संडास-बाथरूम.

त्या संडासासाठीच सगळा खटाटोप होता खरं तर. २०१९ मध्ये आई-आण्णा पहिल्यांदा इकडे आले तेव्हा आम्ही त्यांना गाडीने नायगाराला नेलं, आमच्या एडिसनहून ४०० मैल. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, हायवेवरच्या रेस्ट एरियात उतरायचं, ते लांबलचक पार्किंग चालत जायचं, लाइनीत उभं राहायचं, तिला ते सगळं नको व्हायचं. संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर तिचं डोकं प्रचंड दुखायला लागलं आणि तेव्हा कळलं की सकाळी घरून निघाल्यापासून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, का तर वाटेत जायला लागू नये म्हणून. मी पुढच्या सीटवर बसून दिवसभर कॉफी पीत होते आणि मागे माझी आई तहानलेली बसली होती. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. मग कोविड आला, दोघांचं येणं राहिलं, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ते परत सहा महिन्यांसाठी येणार असं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, या वेळी आईला फिरवायचं तर तिचा संडास आणि तिची शेगडी बरोबर घेऊनच फिरवायचं.

फेब्रुवारीपासून शोधायला लागलो. आमच्याकडच्या एका डीलरकडे २०२२ चा न विकलेला नवा ट्रेलर होता, बोर्डावर किंमत ३३,९०० डॉलर, पण कागदावर फ्रेट (कारखान्यातून आणायचं भाडं), प्रेप (ताब्यात द्यायच्या आधीची तयारी), डॉक्युमेंट फी असं एकेक चढत ३६,४०० झालं, टॅक्स वेगळाच. तोच मेक, तेच मॉडेल, तेच वर्ष, इंडियानात एल्कहार्टच्या बाजूला २७,२०० ला होतं, सगळ्या फिया धरून. नऊ हजार डॉलरचा फरक बघून मी आधी घाबरलेच, म्हटलं यात नक्की काहीतरी गडबड आहे.

पण कारण सरळ होतं. एल्कहार्ट हे उत्तर इंडियानातलं गाव, मिशिगनच्या सीमेला लागून, आणि अमेरिकेतल्या दर दहांतल्या साधारण आठ आरव्ही तिथे नाहीतर आजूबाजूच्या गोशेन, मिडलबरी, वाकारूसा अशा गावांत बनतात. कारखाना दहा मैलांवर असला की फ्रेट जवळजवळ नाहीच, आणि एकाच रस्त्यावर ओळीने डीलर असले की भाव आपोआप खाली राहतो. त्यात कोविडमध्ये विमान-हॉटेल नको झालेले सगळे लोक आरव्हीवर तुटून पडले होते, २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या, कधीच इतक्या निघाल्या नव्हत्या. आणि मग व्याजाचे दर चढले, लोक परत विमानाने फिरायला लागले, २०२३ मध्ये तोच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात डीलरांच्या यार्डात २०२२ चा माल गवत वाढेपर्यंत उभा होता आणि त्यावर ते रोज व्याज भरत होते. हे कळल्यावर फोनवर बोलताना माझा आवाजच बदलला.

एक गोष्ट मात्र लोकांना चुकीची वाटते ती सांगून टाकते, टॅक्स वाचत नाही. न्यू जर्सीत राहता आणि न्यू जर्सीत रजिस्टर करणार, तर ६.६२५ टक्के भरावेच लागतात, गाडी कुठूनही आणा. मोंटानात सेल्स टॅक्स नाही म्हणून तिथे कंपनी काढून टॅक्स वाचवायची युक्ती कुणी सांगितली तर तिकडे अजिबात जाऊ नका, राज्यं अशा लोकांच्या मागे लागतात.

निघायच्या आधी काय काय केलं ते सांगते कारण निम्मं काम इथेच होतं. सगळ्यात पहिलं वजन. आपली गाडी किती ओढते हा एकच आकडा सगळे सांगतात, आमची फोर्ड एक्स्पिडिशन हेवी ड्यूटी टो पॅकेजवाली आहे, ९,००० पौंडांच्या वर ओढते, पण खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल तो. आमचा १,५६० पौंड. आम्ही सहा जण मिळून ७३० झालो. ट्रेलरचं नाक गाडीवर टेकतं त्याचं वजन ट्रेलरच्या १० ते १५ टक्के, म्हणजे भरलेल्या ५,८०० पौंडांच्या ट्रेलरचं साधारण ७००. वर हिचचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं, लोखंड ९०. झाले १,५२०. उरले ४० पौंड, म्हणजे कुलरसुद्धा गाडीत ठेवायचा नाही, ट्रेलरमध्ये जायला पाहिजे. हा हिशोब कागदावर मांडल्यावर ३० फुटी ट्रेलरचं स्वप्न तिथेच संपलं आणि बरंच झालं. मुलांनी सुरुवातीला तोंडं पाडली.

दुसरं, डिपॉझिट. ५०० डॉलर, क्रेडिट कार्डवर, आणि 'पसंत पडला नाही तर पूर्ण परत' हे ईमेलवर, ट्रेलरच्या व्हिन नंबरासकट (म्हणजे चासी नंबर) लिहून घेतलं. फोनवर गोड बोलतात त्याला काही अर्थ नाही. तिसरं, घराजवळच्या तीन रिपेअर शॉपना फोन करून स्पष्ट विचारलं की बाहेरून घेतलेल्या ट्रेलरचं वॉरंटीचं काम कराल का. दोघांनी सांगितलं आधी आमची गिऱ्हाइकं, एकाने हो म्हटलं, त्याचं नाव लिहून ठेवलं. लोन क्रेडिट युनियनकडून आधीच मंजूर करून घेतलं. आणि एक स्वतंत्र इन्स्पेक्टर ठरवला, ४७५ डॉलर, त्याला पैसे आपण द्यायचे, डीलरने नाही, हे फार महत्त्वाचं आहे.

अजून एक, हे मी स्वतः प्रत्येक डीलरला विचारत होते: भिंत बाहेर सरकते ती स्लाइड आत असताना संडासाचं दार उघडतं का? कारण वाटेत रेस्ट एरियात उभं राहून स्लाइड उघडत बसता येत नाही. चांगले चांगले फ्लोअर प्लॅन मी या एका प्रश्नावर सोडले. विकणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नसावं, दोघांनी तर यार्डात जाऊन बघून परत फोन केला.

शाळा संपल्या संपल्या, शुक्रवारी २३ जूनला पहाटे निघालो. एडिसन ते एल्कहार्ट साधारण ६७० मैल, जवळजवळ सगळा आय-८० हायवे. पेन्सिल्वेनियाचे डोंगर, मग ओहायो टर्नपाइक, टोलची हायवे, जी सरळच्या सरळ जाते आणि संपत नाही. आईने शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या होत्या. रात्री दहाला मोटेलवर. ओहायो संपत आल्यापासून समोरून पिकअप ट्रकांच्या मागे नवे कोरे ट्रेलर येताना दिसायला लागले, एकामागे एक, आण्णा मोजत होते, एकतीसपर्यंत मोजले आणि मग अंधार झाला.

शनिवारी सकाळी यार्ड. ट्रेलर बाहेरून अगदी फोटोतल्यासारखा, मुलं आत शिरली आणि पाच मिनिटांत कुठला बंक कोणाचा ते ठरलं पण. सेल्समन चांगल्या वागणुकीचा, आईला खुर्ची आणून दिली. इन्स्पेक्टर फार बोलत नव्हता. शिडी लावून छतावर गेला, व्हेंटच्या कडेचं सीलंट बोटाने दाबत दाबत अर्धा तास काढला. खाली येऊन टायर बघितले, टायरच्या कडेला चार आकडे असतात, आमच्यावर ३१२१ होतं, म्हणजे २०२१ च्या ३१ व्या आठवड्यात बनलेला. २०२२ चा ट्रेलर, पण टायर दोन वर्षांचे. मी ते आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी दात बघितलं म्हण की." बैलाचं वय दातावरून सांगतात ना, आदत, दुसा, चौसा, तसंच.

मग त्याने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मोबाइलचा टॉर्च लावून तो बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून धरला, उजेड भिंतीवरून आडवा पडेल असा. समोरून बघताना जी भिंत गुळगुळीत पांढरी होती तिच्यावर पुढच्या उजव्या कोपऱ्यात पुरीसारखा एक फुगा दिसला, टम्म नाही, नुसती सावली पडण्याइतका. आतून पाणी गेलं की फायबरग्लासचा थर मागच्या प्लायवूडपासून सुटतो, त्याचा हा फुगा. ओल मोजायचा मॉइश्चर मीटर आतून त्याच कोपऱ्याला लावला तर आकडा बाकीच्या भिंतींपेक्षा खूप वर.

आणि मग पंप. ताज्या पाण्याची टाकी भरली, पंप चालू केला, सगळे नळ उघडून हवा काढली, नळ बंद केले. पंप गुरगुरला आणि थांबला. इन्स्पेक्टर म्हणाला आता कोणी बोलू नका. आम्ही सगळे त्या ट्रेलरमध्ये श्वास रोखल्यासारखे उभे. नळ बंद, कुणी पाणी वापरत नाही, म्हणजे पंपाने गप्प बसायला पाहिजे. दोनेक मिनिटं झाली आणि गुर्र, एक सेकंद. परत दोन मिनिटांनी गुर्र. कुठेतरी प्रेशर जातंय, म्हणजे कुठेतरी पाणी गळतंय. शॉवरच्या मागची फळी काढली तर पाइपाच्या जोडावर थेंब, खालचं लाकूड काळं पडलेलं.

सेल्समन म्हणाला काळजी करू नका, तुम्ही सही करा, आमचं सर्व्हिस डिपार्टमेंट सगळं वॉरंटीत करून देईल, तसं कागदावर लिहून देतो. किंमत अजून ७०० ने कमी केली. पण आज संध्याकाळपर्यंतच. आणि वर म्हणाला की तुम्ही इतक्या लांबून आलात, तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवायला मला बरं वाटत नाही. त्याने ते वाईट हेतूने म्हटलं असेल असं मला वाटत नाही, पण ते वाक्य बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. ६७० मैल, रजा, मोटेलच्या दोन खोल्या, मुलांनी वाटून घेतलेले बंक. नवरा म्हणायला लागला की पंपाचं फिटिंग तर टाइट केलं की झालं, आणि फुगा इतका छोटा आहे, आणि मीही मान हलवत होते. घराजवळ असतो तर त्या फुग्याकडे बघून दोन मिनिटांत गाडीत बसून निघून आलो असतो, तिथे मात्र पाय निघेना. आम्ही त्याला म्हटलं चारपर्यंत सांगतो, आणि मोटेलवर आलो.

आण्णा खोलीबाहेरच्या खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांना इंग्लिश येत नाही पण यार्डात काय झालं ते त्यांना आमच्या तोंडांवरूनच कळलं होतं. त्यांनी मला खरसुंडीची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून तुकड्या तुकड्यांत ऐकली होती पण पूर्ण कधी नाही.

आमचं गाव जत तालुक्यात. आण्णा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, माझ्या आज्ज्याबरोबर खरसुंडीच्या जत्रेला खिल्लार बैल घ्यायला चालत गेले होते, दोन दिवसांची वाट, खांद्यावर नवं दावं. सिद्धनाथाची जत्रा आणि जनावरांचा बाजार एकच, लई माणूस. आज्ज्याला एक जोडी पसंत पडली, उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव झाला. पण एक बैल चालवून बघताना मागचा पाय चोरत होता, किंचित. व्यापाऱ्याने यांची घोंगडी आणि भाकरीचं गाठोडं बघितलं होतं, त्यानं ओळखलं ही माणसं लांबची आहेत, ही काय माघारी जात न्हाईत. दिवसभर तो म्हणत राहिला, पावलाला खडा लागलाय, चार दिसात बरा हुतोय. पेरणी तोंडावर. आज्ज्याने संध्याकाळी दावं परत खांद्यावर टाकलं आणि दोघे चालत घरी आले, परत दोन दिवस.

"पोरी, लांबनं आल्यालं गिराईक व्यापाऱ्याला लगी कळतंय," आण्णा म्हणाले. "मोकळं दावं घिऊन माघारी जायाची तयारी असंल तरच बाजारात पाय ठेवायचा. वाट चालली ती चालली, ती काय बैलाच्या किमतीत धरायची न्हाय."

मी नवऱ्याला मराठीतच परत सांगितलं, तो तिथेच उभा होता तरी. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मामा बरोबर बोलतायत. साडेतीनला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ५०० डॉलर तीन दिवसांत कार्डावर परत आले, त्याबद्दल त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. धाकटा रडला. मला पण रडू आलं होतं, पण त्याच्यासमोर नाही.

रविवारी काहीच करता येत नाही. इंडियानात रविवारी गाड्यांची विक्री कायद्याने बंद असते, आणि त्या भागात आमिश लोकांची (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ) वस्ती मोठी, त्यांचा रविवार म्हणजे पूर्ण सुट्टी. मग आम्ही शिपशेवाना गावाच्या बाजूला नुसतं फिरलो. काळ्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेने ओळीत प्रार्थनेला चाललेल्या. याच लोकांतले कितीतरी जण आठवडाभर आरव्हीच्या कारखान्यात काम करतात, घरी वीज नाही आणि कारखान्यात जाऊन दिवसाला कितीतरी ट्रेलर बांधतात, पहाटे पाच-सहाला शिफ्ट सुरू, दुपारी सुट्टी, सायकलवर घरी. मजुरी बऱ्याच ठिकाणी नगावर असते म्हणून हात भराभर चालतात. २०२१-२२ मध्ये मागणी इतकी होती तेव्हा काय वेगाने काम झालं असेल, शॉवरमागचा तो जोड कोणी किती घाईत दाबला असेल, हे मला तिथे उभं राहून समजलं. त्या माणसावर राग नाही आला मला.

एका कुंपणापाशी आण्णांनी गाडी थांबवायला लावली. आत बेल्जियन जातीचे चार घोडे, नांगराचे, अंगाने आपल्या खिल्लारापेक्षा दुप्पट. आण्णा तारेपाशी जाऊन वीस मिनिटं बघत उभे राहिले. खूर बघितले, छाती बघितली, मग म्हणाले, "औत ह्यांच्या खांद्यावर शोभतंय." इतक्या वर्षांत अमेरिकेतलं काही त्यांना इतकं आवडलेलं मी बघितलं नव्हतं, नायगारासुद्धा नाही.

सोमवारी अकरा मैलांवरचा एक छोटा डीलर, बापलेक दोघे मिळून चालवतात. तेच मॉडेल त्यांच्याकडे होतं, २८,९००, सगळं धरून. पहिल्याच्या ७०० ने उतरवलेल्या भावापेक्षा २,४०० ने महाग, एडिसनपेक्षा ७,५०० ने स्वस्त. इन्स्पेक्टर त्या दिवशी मोकळा नव्हता, पण शनिवारी त्याच्या मागे मागे फिरून आम्ही सगळं बघितलेलं होतं. नवरा छतावर. मी टॉर्च भिंतीला चिकटवून चारी बाजूंनी, इंच इंच. थोरली चेकलिस्ट घेऊन सगळे प्लग, लाइट, स्लाइड, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत). साबणाचं पाणी करून गॅसच्या जोडांवर लावलं, बुडबुडे आले नाहीत. आईला चढून बघायला सांगितलं, पायऱ्या किती उंच पडतात, दाराचा दांडा हाताला येतो का, संडासात बसून उठता येतं का, स्लाइड आत असताना. ती म्हणाली एक पाट ठेवा खाली, मग चालेल.

आणि पंपाचं काम आण्णांना दिलं. नळ बंद, पंप चालू, आण्णा दारात उंबऱ्यावर बसले घड्याळ हातात घेऊन. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. म्हातारे डीलर पण बाहेर येऊन गप्प उभे राहिले, त्यांनी एकदासुद्धा घाई केली नाही. अर्धा तास. काही आवाज नाही. आण्णा उठले आणि नुसती मान हलवली.

तीन बारीक गोष्टी सापडल्या होत्या, एक कपाटाची बिजागरी, एक खिडकीची जाळी, आणि छतावर एका व्हेंटपाशी सीलंट कमी. त्या म्हाताऱ्यांनी आधी त्या करून घेतल्या आणि मग कागद पुढे केले. मंगळवारी सही, इन्शुरन्स कंपनीला फोन करून ट्रेलर पॉलिसीवर चढवला, मग हिच. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, ट्रेलरच्या नाकाचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारा, आम्ही घरूनच नेला होता, त्या सेटिंगलाच दीड तास गेला. आण्णांनी जोडणीची पिन लावून झाल्यावर हाताने ओढून बघितली आणि म्हणाले, "दावं आपलं असल्यालं बरं असतंय."

जाणाऱ्यांसाठी एक सांगते, घेतल्या घेतल्या घराकडे सुटू नका. पहिली रात्र डीलरच्या जवळच्याच कॅम्पग्राउंडवर काढा, सगळं वापरून बघा, काही बिघडलं तर सकाळी परत नेता येतं. आमची ती रात्र विचित्र होती कारण कॅनडातल्या वणव्यांचा धूर त्याच दिवशी खाली आला होता, आकाश पिवळट, घशात जळका वास, बाहेर कोणी बसेना. शिकागोची हवा तर त्या दिवशी जगात सगळ्यात वाईट होती म्हणे. आम्ही सगळे आत, खिडक्या बंद, एसी रात्रभर चालू. त्यामुळे एसीची मात्र चांगली टेस्ट झाली.

हिशोब इथेच देते. पेट्रोल ३८० डॉलर, जाताना गॅलनला १९ मैल, येताना साडेनऊ. टोल १३०, मोटेल ७२०, इन्स्पेक्टर ४७५, कॅम्पग्राउंड ९५, बाहेरचं खाणं २५०. म्हणजे २,०५०. ७,५०० च्या फरकातून वजा केले तर ५,४५० वाचले. न्यू जर्सीचा टॅक्स १,९०० च्या आसपास, तो कुठूनही घेतला असता तरी होताच. टाउनशिपमध्ये दारात ठेवू देत नाहीत म्हणून स्टोरेज यार्डाचे महिन्याला ११० जातात, ते धरायला विसरू नका. आणि वॉरंटी, ऑगस्टमध्ये स्लाइडचा रबर सील एका बाजूने सुटला तर फोनवर हो म्हणालेल्या शॉपने पाच आठवड्यांनी नंबर दिला. जवळच्या डीलरकडून घेतला असता तर कदाचित लवकर झालं असतं. ज्यांच्याकडे पाच-सहा दिवसांची रजा नाही, किंवा ज्यांना छतावर चढायचं नाही, त्यांनी जवळूनच घ्यावा असं मी मनापासून सांगेन, फरक दोन-तीन हजारांचा असेल तर नक्कीच.

बुधवारी निघालो. नवऱ्याने काटा ६२ च्या वर जाऊ दिला नाही. पहिल्या ५० मैलांनी थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने परत आवळले, दोन किंचित सैल झाले होते, हे कोणी विसरू नका. मोठा ट्रक बाजूने गेला की ट्रेलर आधी ढकलला जातो मग ओढला जातो, पहिल्या दहा ट्रकांना माझे हात घट्ट मिटलेले होते, मग सवय झाली. रात्री पेन्सिल्वेनियात क्लॅरियनजवळ मुक्काम.

गुरुवारी २९ तारीख, आषाढी. आईने साबुदाणा रात्रीच भिजत घातला होता, ट्रेलरच्या सिंकमध्ये डबा ठेवून. पहाटे मला खुडबुडीने जाग आली तर ती उभी राहून शेगडीवर दाण्याचं कूट परतत होती, मधल्या बर्नरवर, एक हात ओट्याच्या कडेला टेकवून. मोबाइलवर पंढरपूरचं दर्शन लावलं होतं आवाज बारीक करून, मुलं वरच्या-खालच्या बंकवर झोपलेली. बाहेर धूर होताच. तिने मला बघून फक्त विचारलं, लिंबू कुठल्या कप्प्यात ठेवलंस.

खिचडी खाऊन निघालो. क्लिअरफील्डच्या पुढे मागे, मिसिसिपीच्या पूर्वेला आय-८० चा सगळ्यात उंच भाग, २,२५० फूट, अशी पाटी आहे, तिथे चढाला इंजिन बरंच ओरडलं पण चढली गाडी. त्यानंतरच्या रेस्ट एरियात ट्रकांच्या बाजूला थांबलो. नवऱ्याने पाट खाली ठेवला, आई दांडा धरून वर चढली, दार आतून लावलं. पाच मिनिटांनी खाली उतरली, पदराला हात पुसले, गाडीत येऊन बसली आणि बेल्ट लावायच्या आधी म्हणाली, "ती पाण्याची बाटली दे गं इकडे, मोठी."